बावन्न किलोंवर लावलेला क्लच

कमलाकरमामांना मागच्या सीटवर बसवून लंडनच्या पिनर उपनगरातून स्कॉटलंडपर्यंत गाडी चालवणं ही काय शिक्षा आहे, ते ती भोगलेल्यालाच कळेल. मी भोगली आहे. सव्वापाचशे मैल. त्यातले पहिले अडीचशे मामा माझ्या गाडीचा आवाज ऐकत होते. "समर, तिसऱ्यात किरकिर आहे." "समर, आत्ताचा गिअर उशिरा पडला." गाडी लीजवर घेतलेली, दोन वर्षांनी परत जाणारी. तिच्या तिसऱ्या गिअरशी माझं काय नातं? पण हे मामांना कोण सांगणार? शेजारी पुढच्या सीटवर मामी, मांडीवर थेपल्यांचा डबा, त्याखाली लोणच्याची बाटली, त्याखाली टॉवेल. मामी कधी माझ्या बाजूनं बोलते, कधी मामांच्या, आणि बहुतेक वेळा थेपल्यांच्या.

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ, वय चौऱ्याहत्तर. त्यांचा मुलगा अनुप पिनरला राहतो आणि निवृत्तीनंतर त्यानं आईवडिलांना इकडे आणलं. आणलं ते चांगलंच केलं, पण आणल्यावर मामांना कशाला हात लावू दिला नाही. बॉयलर उघडायचा नाही, त्याला परवानावाला माणूस लागतो. गाडी उघडायची नाही, वॉरंटी जाते. डिशवॉशर तर मामांनी न सांगता उघडला होता. तो तेव्हापासून उत्तम चालतो, पण उघडला म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. पाना-पकडीवर आयुष्य काढलेला माणूस पिनरमध्ये बागेच्या फाटकाच्या बिजागरीला तेल घालून दिवस काढत होता. आठवड्यातून दोनदा. त्या फाटकाइतकं गुळगुळीत फाटक आमच्या अख्ख्या हॅरो भागात नसेल.

मामा भोसरीला स्कूटरच्या एका कारखान्यात होते. कारखाना आता राहिलेला नाही, त्यामुळे नाव सांगून कुणाचं भलं होणार नाही. बिनगिअरच्या स्कूटरी नव्यानं निघायला लागल्या तेव्हा मामा टेस्टिंग खात्यात क्लच लावायचे. या क्लचची गंमत अशी की त्यात छोटी छोटी वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेरच्या बाजूला फेकली जातात, चकतीला दाबतात, चकतीवरचा बेल्ट वर चढतो आणि गाडी पळते. वजन हलकं झालं तर बेल्ट उशिरा चढतो आणि इंजिन नुसतंच बोंबलत राहतं. वजन जड झालं तर इंजिन दमतं. सगळा खेळ ग्रॅम-दीड ग्रॅमचा. मामा अर्ध्या ग्रॅमचा फरक चिमटीत ओळखायचे. खात्यात म्हण होती की तराजू चुकला तर कमलाकरला विचारा.

स्कूटरवर मागे माणूस बसणारच, म्हणून टेस्टला मागे वजन ठेवायला लागायचं. कंपनी वाळूची पोती द्यायची. मामांना पोती मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, पोतं वळणावर कलत नाही, माणूस कलतो. मग त्यांनी एक युक्ती काढली, जी आपल्याकडच्याच माणसाला सुचू शकते. दर रविवारी ते टेस्टची स्कूटर काढायचे, मागे मामीला बसवायचे आणि थेट वाई, तिथून पसरणीचा घाट चढून पाचगणी. मामीची सहल व्हायची आणि कंपनीची टेस्ट. परत येताना मामी भाजी घ्यायची, पण ती उतारावर, त्याचा हिशेब नसे.

रजिस्टरमध्ये एक रकाना होता, मागच्या माणसाचं वजन. एक्क्याण्णव साली पहिल्या रविवारी मामा पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "लीला, तुझं वजन किती?" मामी पुऱ्या तळत होती. मागे न बघता म्हणाली, "बावन्न." मामांनी लिहिलं बावन्न. पुढच्या रविवारीही बावन्न. नंतर सात वर्षं प्रत्येक रविवारी बावन्नच. ग्रॅमचा फरक चिमटीत ओळखणाऱ्या माणसाला एकदाही वाटलं नाही की काट्याला विचारावं.

अठ्ठ्याण्णव साली मामांनी लावलेल्या क्लचची नवी स्कूटर बाजारात आली आणि दोन महिन्यांत तक्रारींचा ढीग पडला. घाटात वाघ, पण गावात नुसती किंचाळते. बेल्ट झिजतात. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे अ‍ॅव्हरेज देत नाही. आपला माणूस घरातली कुरबूर जन्मभर सोसेल, पण अ‍ॅव्हरेज न देणारी गाडी आठ दिवससुद्धा सोसणार नाही. कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलावून आत दीड दीड ग्रॅम जड वजनं घातली. खात्याचे प्रमुख खळदकर साहेब. त्यांनी भर मीटिंगमध्ये एकच वाक्य म्हटलं, "कमलाकर, तुमचा हात हलका पडला." मामांची बदली स्टोअर्समध्ये झाली. पुढची अकरा वर्षं निवृत्तीपर्यंत मामांनी हेल्मेटं मोजली.

हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही, एवढाच नियम होता.

तर उर्वीचा फोन आला. उर्वी म्हणजे अनुपची मुलगी, वय बावीस, इथेच जन्मलेली. चांगलं अकाउंटन्सीचं ट्रेनिंग चाललं होतं, ते टाकून ती हायलँड्समधल्या एका लहानशा स्की सेंटरवर गेली. तिथे कुणी पडलं, पाय मोडला, तर त्याला स्लेजवर घालून खाली आणायचं हे तिचं काम. अनुप लोकांना सांगतो, "ती सध्या हेल्थकेअरमध्ये आहे."

"आजोबा," उर्वी म्हणाली, "आमचा नवा स्नोमोबील खूप ओरडते. वरती जाताना नुसता आवाज, पावर कुठे जातो कळत नाही."

स्नोमोबील म्हणजे बर्फावरची स्कूटरच. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रबरी पट्ट्याचा रणगाडा. क्लच तोच, फक्त मोठा. उर्वीच्या बॉसनं, कॅलमनं, हे मशीन जुनं, अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरून आणवलं होतं आणि त्याला आधीच्या मालकानं टर्बो बसवून घेतलेला. मामांनी फोन कानाला लावून विचारलं, "तिकडे किती उंचीवर चालत होतं?" उर्वी म्हणाली, साडेनऊ हजार फूट. "आणि तुमच्याकडे?" अडीच हजार. मामा उभे राहिले. चहा सांडला तरी उभेच. मला नंतर मामीनं सांगितलं की इतके ताठ ते अनुपच्या लग्नातसुद्धा उभे नव्हते.

कारण दुखणं सरळ होतं. उंचावर हवा विरळ, इंजिन अर्धपोटी, म्हणून क्लचला हलकी वजनं. तेच मशीन खाली आणलं की हवा दाट, इंजिन भरपेट, आणि वजनं मात्र तीच हलकी. मग ते बोंबलणारच. कॅलमनं क्लचच्या झाकणावरचा उंचीचा तक्ता बघून वजनं बदलून पाहिली होती, पण तो तक्ता टर्बो नसलेल्या मशीनचा. टर्बो आपली हवा आपणच दाबून आत घेतो, त्याला तक्ता लागू पडत नाही. ते मोजून, चालवून, पुन्हा मोजूनच लावावं लागतं. आणि शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर कॅलम मशीन विकणार होता.

लँकेस्टरच्या पुढे मामा माझा गिअर ऐकायचे थांबले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "समर, हे तेच दुखणं आहे. वजन हलकं. ज्याच्यावरून मला उठवलं ते. आता हे जर मला जमलं नाही ना, तर मग खळदकर साहेबांचंच खरं होतं. मग मी गप्प बसेन. फाटकालासुद्धा तेल घालणार नाही."

मी काहीतरी चेष्टा करणार होतो, पण मामीकडे बघितलं आणि राहिलो. मामी खिडकीतून मेंढ्या बघत होती. पन्नास मैल तिनं कुणाला थेपला विचारला नाही. मामीच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट आहे.

कॅलम म्हणजे दाढीवाला, साठीचा, दिवसाला साधारण वीस शब्द वापरणारा माणूस. मामा दिवसाला वीस हजार वापरतात. दोघांचं उत्तम जमलं. वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या मामांनी कोट काढला, स्वेटर काढला, बाह्या वर केल्या. बाहेर उणे चार. मामी म्हणाली, "अहो, न्यूमोनिया होईल." मामा म्हणाले, "लीला, दिवा धर." मी आणि उर्वीनं एकमेकांकडे पाहिलं. पिनरमध्ये हा माणूस टीव्हीचा रिमोट मागायलासुद्धा संकोचायचा.

मामांनी क्लच उघडला. आतली तीन वजनं बाहेर काढून तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "दिस वन इज फॅट." कॅलमनं डिजिटल काट्यावर ठेवलं. बाकी दोन्हींपेक्षा दशांश तीन ग्रॅम जास्त. कॅलमनं त्या दिवसाच्या कोट्यातला एक शब्द खर्च केला, "जीझस."

मग काम सुरू झालं. प्रत्येक वजनाला बारीक भोकं होती, त्यात छोटे स्क्रू भरून ग्रॅम वाढवता येत होते. आधी तिन्ही सारखी केली. मग दोन ग्रॅम वाढवले. आता चालवून बघायचं. मशीननं फुल थ्रॉटलला चढावर आठ हजार आर.पी.एम.वर स्थिर राहायला हवं. आतापर्यंत ते आठ हजार सातशेवर जाऊन किंचाळत होतं. मशीनवर कायम दोघंजण असतात, पुढे पेट्रोलवाली उर्वी (पेट्रोलवाली म्हणजे गस्तवाली, पंपावरची नव्हे, हे अनुपला अजून समजावतो आहोत) आणि मागे दुसरं कुणीतरी. "पिलियन पाहिजे," मामा म्हणाले. कॅलम कोपऱ्यातल्या, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांकडे वळला.

"नो बॅग!" मामा कडाडले. "बॅग डझ नॉट लीन! लीला, चल."

सत्तर वर्षांच्या मामीनं हरवलेल्या सामानाच्या पेटीतला जांभळा स्की-सूट घातला, वर हेल्मेट, आणि नातीच्या कमरेला मिठी मारून ती मशीनवर बसली. मी म्हटलं, "मामी, नको." मामी म्हणाली, "गप रे. पसरणीच्या घाटात यांच्यामागे बसलेली बाई आहे मी. इथे निदान समोरून एस.टी. तरी येत नाही." आणि दोघी बर्फाचा फवारा उडवत सरळ वर गेल्या. मामा पायथ्याला उभे, एक हात कानामागे. रेडिओवर उर्वीचा आवाज यायचा, "आठ हजार पाचशे, आजोबा," आणि त्याच्या आड मामीचा, "सावकाश गं बाई!"

चार ग्रॅम वाढवल्यावर आठ हजार दोनशे. साडेपाचला आठ हजार पन्नास. सहाला आठ हजार, सुई जागची हलेना. आवाजच बदलला, किंचाळणं गेलं आणि खर्जातला एक भरीव सूर लागला. मामांचे डोळे भरून आले. कॅलमनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. मामांनी वहीत लिहिलं: उंची अडीच हजार, थंडी उणे चार, वजन अधिक सहा ग्रॅम, मागे एल., बावन्न किलो.

इथेच गोष्ट संपली असती, पण कॅलम नियमाचा माणूस. त्याला खात्री करायची होती, आणि सत्तर वर्षांच्या बाईला पाचव्यांदा वर पाठवायला तो तयार होईना. त्यानं मामांच्या वहीत वाकून बघितलं, बावन्न वाचलं आणि मागच्या सीटवर बावन्न किलो बांधले. पंचवीस-पंचवीसची मिठाची दोन पोती आणि कॅफेतून आणलेली दोन किलो साखर. मामी कॅफेत हॉट चॉकलेट प्यायला गेली. उर्वी वर गेली.

रेडिओ बोलला, "आठ हजार तीनशे, आजोबा."

"पुन्हा."

पुन्हा आठ हजार तीनशे. आणि पुन्हा ती जुनी किंचाळी.

मामा म्हणाले, पोतं कलत नाही. म्हणाले आणि स्वतःच थांबले, कारण चढ सरळ होता. कलायला वळणच नव्हतं. मग त्यांनी क्लच उघडला, तिन्ही वजनं काढली, काट्यावर ठेवली. बरोबर. पुन्हा ठेवली. बरोबर. बेल्ट बघितला, स्प्रिंग बघितली, पुली हातानं चाचपली. सगळं बरोबर. पुन्हा वर, पुन्हा आठ हजार तीनशे. वजन बावन्न तेच, उंची तीच, थंडी तीच, आणि उत्तरं दोन.

मामा स्टुलावर बसले. त्यांनी पाना ठेवला. बाह्या खाली केल्या, बटणं लावली, अगदी शांतपणे. कॅलमला म्हणाले, "सेम लोड, टू आन्सर्स. फॉल्ट इज इन फिटर." मग माझ्याकडे बघून मराठीत, "हात हलकाच आहे रे माझा. साहेबांना तेव्हाच कळलं होतं. मलाच कळायला सत्तावीस वर्षं लागली."

मला क्लचमधलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की आपण यांना परत पिनरला नेणार आहोत, आणि हे फाटकाजवळून जाताना फाटकाकडे बघणारसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं. सरळ सांगतो, मला रडू आलं. म्हणून मी तिथून उठलो आणि कॅफेत गेलो.

मामीला सांगितलं. जे झालं ते सगळं, दोन आकड्यांसकट.

मामीनं कप खाली ठेवला. वरची क्रीम तशीच होती. "समर," ती म्हणाली, "पोती किती किलोंची बांधली होती?"

"बावन्न."

"हं," म्हणाली, आणि उठली. जांभळा सूट फसक फसक वाजवत अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये गेली. तिथे गॅसचे सिलिंडर आणि स्लेज तोलायचा जमिनीलगतचा मोठा काटा होता. मामी कुणाकडे न बघता त्यावर जाऊन उभी राहिली.

"उर्वी, वाच."

उर्वीला काही कळलं नाही. तिनं मोठ्यानं वाचलं, "सेव्हंटी-एट पॉइंट फोर, आजी."

"बूट आणि या सोंगाचे सात किलो काढ. एक्काहत्तर झाले. काहीतरी पॉइंट राहिले ते सोड." मग ती मामांकडे वळली. "अहो, मी बावन्न नाही. मी तेव्हाही बावन्न नव्हते."

मामा मामीकडे बघत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "अठ्ठ्याण्णव साली?"

"चौसष्ट. थायरॉइडसाठी डॉक्टर दर महिन्याला काट्यावर उभं करायचे, म्हणून पाठ आहे."

मामांनी पेन्सिल घेतली. दुसरं काही सुचत नाही तेव्हा माणूस हातातलं काम करतो. मिठाच्या रिकाम्या पिशवीच्या पाठीवर त्यांनी आकडे मांडले. घाट, चढ, बारा किलो, क्लचमधली वजनं. आम्ही सगळे उभे. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "दीड ग्रॅम." पुन्हा एकदा गुणाकार केला. "मागे जड माणूस असला की इंजिन दबतं, म्हणून मी वजनं हलकी ठेवली. बारा किलो म्हणजे दीड ग्रॅम. कंपनीनं नंतर दीडच वाढवला होता."

"मला माहीत होतं हो," मामी म्हणाली. "दीड ग्रॅमचं नाही, पण माझ्यामुळे झालं हे माहीत होतं. त्या आठवड्यात सांगणार होते. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवलात, तेव्हा वाटलं, आता कुठे जेवताहेत, उद्या सांगू. मग उद्याचं परवा झालं."

"पण पहिल्यांदा तरी खरं का नाही सांगितलंस?"

"ते तुम्ही रजिस्टरमध्ये लिहिणार होतात! बारा पुरुष वाचणार होते ते!"

मामा उठले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तरी मी त्यांच्याच बाजूचा होतो. "अकरा वर्षं हेल्मेटं मोजली मी, लीला," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण खूप थकलेला होता. मामीनं मान खाली घातली. आणि मग मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर यायला लागलं. ते कॅलमकडे वळले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "माय हँड वॉज करेक्ट! माय वाइफ वॉज इनकरेक्ट!"

कॅलमनं विचार केला. "आय," तो म्हणाला, म्हणजे स्कॉटिश 'हो'. "इट्स युजुअली द लोड."

मग मामांनी कॅलमला बसवून विचारून घेतलं की मागच्या सीटवर खरोखर कोण कोण बसतं आणि किती किलोंचं. एकेकाला बोलावून काट्यावर उभं केलं. कुणालाही तोंडी उत्तर द्यायची परवानगी नव्हती. स्की-लिफ्टवरचा एक मुलगा म्हणाला ऐंशी, काटा म्हणाला एक्क्याण्णव. त्या सगळ्यांच्या मधला आकडा, जो सूटातल्या मामीपेक्षा हलका निघाला, तो धरून मामांनी क्लच पुन्हा लावला, आणखी पाऊण ग्रॅम, आणि मशीन कुणालाही घेऊन आठ हजारांच्या आसपास गपगुमान चढायला लागलं. संध्याकाळी कॅलमनं मामांना आपली टोपी दिली. लोकरीची, तेलाचे डाग पडलेली. मामांनी ती घातली आणि जेवतानाही काढली नाही.

पण मामीशी ते बोलले नाहीत. रागानं नाही, असं मला वाटतं. त्यांना बोलायला काही मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा मामा पुढे माझ्या शेजारी आणि मामी मागे. चार तास गाडीत फक्त माझा तिसरा गिअर बोलत होता, आणि, खोटं कशाला सांगू, आता मलाही किरकिर ऐकू यायला लागली होती.

कार्लाइलच्या पुढे मोटरवेवरच्या सर्व्हिसेसवर, म्हणजे आपल्याकडच्या फूड मॉलसारख्या जागी, थांबलो. चहा घेऊन बसलो. मामी म्हणाली, "खळदकर साहेबांना फोन लावा."

"कशाला?"

"लावा म्हणते ना. तिकडे दुपारचे साडेचार वाजले असतील. उठलेले असतील."

साहेब आता त्र्याऐंशीचे, पुण्याला लेकीकडे. मामा दर दिवाळीला त्यांना फोन करतात, कारण आपल्याकडे ज्यानं स्टोअर्समध्ये टाकलं त्यालाही शुभेच्छा द्याव्याच लागतात. साहेबांना ऐकू कमी येतं, म्हणून मामांनी स्पीकर लावला. मला वाटलं, आता बार उडणार. सत्तावीस वर्षांचा.

"साहेब, कमलाकर बोलतोय. तब्येत कशी आहे?... हो, थंडी आहे... साहेब, एक सांगायचं होतं. ते अठ्ठ्याण्णवचं मॉडेल. तुमचं बरोबर होतं. वजनं हलकीच पडली होती माझ्याकडून. एवढंच म्हणायचं होतं."

मी थक्क झालो. मामांनी मामीकडे पाहिलं नाही. चहात साखर ढवळत राहिले, साखर घातलेली नसताना.

मामीनं टेबलावरून फोन ओढून घेतला.

"साहेब, मी लीलावती. यांचं ऐकू नका. यांनी क्लच बरोबर लावला होता. मागे मी बसायचे, आणि मी वजन खोटं सांगितलं होतं."

"काय म्हणालात वहिनी?" फोनमधून साहेबांचा आवाज आला.

"वजन! माझं! खोटं सांगितलं!"

"किती?"

"बावन्न सांगितलं, होते चौसष्ट!"

"किती होतात?"

"चौसष्ट!" मामी उभी राहिली. "चौसष्ट, साहेब! चौ-स-ष्ट किलो!"

कॉफीच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांना भाषा कळत नव्हती, पण पलीकडच्या टेबलावर एक मराठी जोडपं होतं, बहुधा हैदराबाद की हिंजवडीहून आलेलं, त्यातल्या मुलानं घाईघाईनं मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मुलगी मामीकडे डोळे विस्फारून बघत राहिली. मामीला आता कुणाचीच पर्वा नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे वहिनी, अकरा वर्षं मी चुकीच्या माणसाला स्टोअर्समध्ये बसवलं."

"तुम्ही नाही हो साहेब," मामी म्हणाली. "मी बसवलं."

मामांनी हात पुढे करून तिच्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समर, मामीला पुढे बसव. मागे तिची पाठ अवघडते."